माझ्या घराचा फौजी मालक

सकाळी भाकरी थापत होते, तेवढ्यात फाटकाशी एक पिकअप येऊन थांबली. मला वाटलं, शेजारच्या प्रोफेसरांकडं काही सामान आलं असेल. त्यांच्याकडं सारखं काही ना काही मागवलेलं येतं आणि तितकंच परतही जातं. पण हॉर्न माझ्याच फाटकावर वाजत राहिला. गॅस बारीक केला, हात पुसत बाहेर आले. गाडीत लोखंडी पलंग, गुंडाळलेल्या गाद्या, ज्वारीचं पोतं, पाण्याचा निळा ड्रम, शेगडी आणि या सगळ्याच्या वर दोरीनं आवळलेलं एक नवंकोरं अभ्यासाचं टेबल. टेबलावरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

गाडीतून तिघं उतरली. उन्हानं रापलेला, धोतर-शर्टातला एक माणूस, त्याची बायको आणि नुकतीच बारावी झालेली दिसणारी एक मुलगी. माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जरा दबकतच विचारलं, "तुमीच का त्या घर सांभाळायला ठिवलेल्या बाई?"

"कुणी ठेवलेल्या?"

"साहेबांनी. आमाला सांगितलंय त्यांनी सगळं. तुमी लय तरास देणार, हेबी सांगितलंय. बाई, आमाला भांडायचं न्हाई. दुपारपातुर सामान काढा तुमचं, तवर आमी हितं वट्ट्यावर बसतो."

माझी नोकरीची सगळी वर्षं एस.टी. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. जिंतूरची गाडी कधी लागणार, पाथरीची का आली नाही, गंगाखेडची गेली का, याची उत्तरं देऊन देऊन माझा चेहराच असा झाला आहे की माणसं माझ्याशी जपून बोलतात. त्या खिडकीवर मला दारुडे भेटले, पुढाऱ्यांचे भाचे भेटले, सुट्टे पैसे मागणारे आणि न देणारे भेटले. पण माझ्याच घराच्या फाटकात उभं राहून मला सामान काढायला सांगणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.

"कोणते साहेब?" मी विचारलं.

"फौजी साहेब. घराचे मालक."

मुलगी पुढं आली आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. घरांच्या जाहिरातींची एक साइट होती. तिच्यावर माझं घर. 'दोन बेडरूम, हवेशीर, बोअरला बारमाही पाणी, फक्त सुसंस्कृत कुटुंबासाठी.' किराया इथल्या भावाच्या निम्मा. खाली फोटो. माझी बैठकीची खोली, पितळी कड्यांची बंगई, तिच्या झुलत्या फळीवर मी घडी घालून ठेवलेली शाल. माझं स्वयंपाकघर, शेगडीवर तापायला ठेवलेलं दूध. त्यापुढच्या फोटोत भिंतीवरची यांची तसबीर, चंदनाच्या हारासकट.

"हे साहेबांचे वडील," मुलगी मला समजावून सांगत होती. "ते पण फौजेत होते. त्यांची आठवण म्हणून साहेब घर विकत नाहीत. सध्या त्यांची पोस्टिंग बॉर्डरवर आहे."

आमचे हे आयुष्यभर पूर्णेला रेल्वेच्या ऑफिसात कारकून होते. परभणी-पूर्णा रोज अपडाउन. दिवाळीत गल्लीत लक्ष्मी बॉम्ब वाजायला लागले की कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसायचे. त्या माणसाला मेल्यावर कुणीतरी फौजेत भरती केलं होतं, आणि वर एक मुलगाही देऊन टाकला होता. आम्हाला एकच मुलगी, ती हैदराबादला. दुसरं अपत्य असतं तर निदान मला तरी माहीत असतं.

हे फोटो कुठून आले ते मला बघताक्षणी कळलं होतं. आमच्या लेकीचा दोन वर्षांपासून धोशा होता, घर विकून टाक आणि माझ्याकडं ये. मी शेवटी वैतागून हो म्हटलं. तिनंच फोनवरून एक एजंट गाठून दिला. पांढरे बूट, कानात फोनचं यंत्र, तोंडात प्रत्येक वाक्याला 'प्रॉपर्टी'. त्यानं माझं घर असं फिरून पाहिलं की जणू मीच त्याच्याकडं राहायला आले होते. "ताई, प्रॉपर्टी प्रेझेंट करावी लागते," असं म्हणत त्यानं फटाफट फोटो काढले. मी म्हटलं, तसबिरीचा कशाला? तर म्हणे, घराला घरपण दिसतं. ते घरपण मग त्यानं तीन साइटींवर आणि न जाणो किती ग्रुपांवर टाकलं. फोटोंवर स्वतःचं नाव टाकायचं असतं, म्हणजे दुसरा उचलत नाही, हे त्याला माहीत होतं. पण नावामुळं फोटोची शोभा जाते म्हणे. एवढं करून घर बघायला आलं कोण, तर एक जोडपं. त्यांनी होकायंत्र लावून संडासाची दिशा पाहिली, नाक मुरडलं आणि चहा पिऊन गेले.

तर विकायला काढलेल्या घराचे ते फोटो कुणी तरी जसेच्या तसे उचलले होते आणि घर किरायानं लावलं होतं. अनामत घेऊन झाली होती, पहिल्या महिन्याचा किरायाही घेऊन झाला होता. फौजेचा गणवेश घातलेल्या कुण्या माणसाचं ओळखपत्र पाठवलं होतं. करारपत्रसुद्धा पाठवलं होतं, सेलूला जाऊन त्यांनी ते छापून आणलं होतं. माणसानं ते प्लास्टिकच्या पिशवीतून काढून मला दाखवलं. त्यावर गोल शिक्का होता, सिंह होते, आणि 'मालक' या शब्दापुढं मी कधीही न ऐकलेलं एक नाव होतं.

"हे घर माझं आहे," मी म्हटलं. "माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या पैशानं बांधलेलं. तुम्हाला फसवलंय."

माणूस हलला नाही. "साहेब म्हणलेच हुते, तुमी आसं म्हणणार म्हणून."

मी आत जाऊन लाइटबिल आणलं. तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, बिल तुमी तुमच्या नावावर करून घेतलंय." मी नगरपालिकेची घरपट्टी आणली. तर तेही साहेबांनी सांगून ठेवलं होतं. चोर नुसता चोर नव्हता, गृहपाठ करणारा होता. माझ्याबद्दल त्यानं या साध्या माणसांच्या डोक्यात इतकं भरून ठेवलं होतं की मी जितकी खरी बोलत होते तितकी जास्त खोटी ठरत होते.

एवढ्यात कंपाउंडच्या पलीकडं प्रोफेसर दिसले. बनियनवर, हातात पेपर. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला धीर आला. म्हटलं, "सर, सांगा बरं यांना, हे घर कुणाचं आहे."

त्यांनी चष्मा वर केला. "मला वाटलं, तुम्ही दिलंत की काय किरायानं. बोलला नाहीत."

"दिलं नाही. तेच सांगा."

"नाही, म्हणजे आता कागदोपत्री मी काय सांगणार… तुमचा आपसातला मामला."

आमच्या वास्तुशांतीला हे गृहस्थ दोनदा जिलबी मागून जेवले होते. यांच्या घरातलं पाणी बंद झालं की यांची बादली माझ्या नळाखाली असते. आणि आता त्यांना कागदोपत्री सांगता येत नव्हतं. मी त्यांच्याकडं पाठ केली. काही माणसं शेजारी नसतात, नुसती पलीकडं असतात.

गुंता सोडवला तो त्या माणसाच्या बायकोनं. ती आतापर्यंत फाटकातून आत बैठकीत पाहत होती. तिथून ती तसबीर सरळ दिसते. तिनं विचारलं, "बाई, ह्ये फोटूतले तुमचे कोण?"

"माझे मालक," मी म्हटलं.

आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात. ती बाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं आणि नवऱ्याकडं वळली. "अवो, ही बाई खोटं बोलायली न्हाई. फशिवलं आपल्याला," असं म्हणून ती तिथंच, फाटकाबाहेर मातीत, मटकन खाली बसली.

माणूस तरीही मानायला तयार नव्हता. कसा मानणार? तो देवगाव फाट्याजवळच्या वस्तीवरचा. शेळ्या-मेंढ्या, थोडी जमीन, उरलेल्या दिवसांत मजुरी. मुलीचा जनावरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला होता. कळपातली चांगली जनावरं विकून त्यानं हे घर केलं होतं. आई मुलीसोबत राहणार, तो कळपामागं राहणार, असं ठरलेलं. तो माझ्याकडं बघत नव्हता, मुलीकडं बघत होता. मग म्हणाला, "तू शिकलेली म्हणून तुझ्या हातात दिलं समदं."

मला राहवलं नाही. "तिला कशाला बोलता? तिनं फसवलं का तुम्हाला? जो फसवतो तो कुठंतरी एसीत बसून चहा प्यायलाय आणि तुम्ही पोरीवर खेकसायलाय."

मुलगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी फोन लावते त्यांना. अजून उचलतात ते माझा. पोचल्यावर फोन कर म्हणले होते."

तिनं स्पीकर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. एवढी तत्परता मी कुठल्या सरकारी ऑफिसात पाहिली नाही. आवाज गोड, हिंदी स्वच्छ. "हाँ बेटा, पहुँच गए? बहुत बढ़िया. वो औरत निकली क्या?"

"नाही सर. त्या म्हणतात, घर त्यांचं आहे."

"बोला था ना मैंने. थोड़ा कड़क बोलो. और बेटा, एक काम रह गया, गेट पास का थोड़ा सा पेमेंट है, अभी कर दो, शाम को वापस आ जाएगा."

ज्याची सगळी जमवाजमव लुटून झाली, त्याच्याकडून अजून थोडं निघतं का, हे तो बघत होता. मी मोबाइल हातात घेतला. खिडकीतला माझा आवाज आपोआप बाहेर आला, तो स्टँडच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

"ज्याचा फोटो तू बाप म्हणून दाखवायलास, त्याची बायको बोलतेय. तुला मी जन्म दिल्याचं मला आठवत नाही."

मला वाटलं, आता फोन ठेवणार. पण नाही, लाजेचा त्या जातकुळीशी संबंध नसतो. तो थंडपणानं म्हणाला, "मैडम, घर खाली कर दीजिए. नहीं तो मिलिट्री पुलिस आएगी."

"येऊ दे. आधी मला एवढं सांग, तुझ्या घराच्या मागं झाड कसलं आहे?"

मागच्या अंगणाचा फोटो एजंटनं काढला नव्हता, तिथं धुणं वाळत होतं. फौजी साहेब थांबले. मग म्हणाले, "नारियल का."

परभणीच्या कोरड्या उन्हात, माझ्या मोरीच्या मागं, नारळ! माझ्या मागच्या अंगणात शेवगा आहे. तो फाटकातूनही घराच्या छपरावरून डोकावतो, शेंगांसकट दिसतो. मुलीच्या बापानं मान वर करून त्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. जनावरांमागं हिंडणाऱ्या माणसाला झाड कसलं ते सांगावं लागत नाही. त्यानं माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि त्यात फक्त एवढंच बोलला, "आरं, लेकराच्या शिक्षणाचं हुतं रं ते." पलीकडून फोन कट झाला. तो परत लागलाच नाही.

पिकअपचा ड्रायव्हर खिडकीतून विचारत होता, सामान उतरवायचं की परत न्यायचं? मी म्हटलं, उतरव, वट्ट्यावर ठेव. करपलेली भाकरी टाकून दिली, त्यांना चहा दिला आणि मग आम्ही सगळे ठाण्यात गेलो.

ठाण्यातल्या हवालदारानं आधी मुलीच्या बापाला विचारलं, "एवढ्या कमी किरायात घर मिळतं का? अक्कल नाही का तुम्हाला?" मग मला विचारलं, "आणि तुम्ही घराचे फोटो जगाला दाखवलेच कशाला?" मग मुलीला, "अनोळखी माणसाशी फोनवर बोलतेच कशी तू?" चौकशी हा माझा पेशा होता, त्यामुळं मला ती ओळखता येते. त्या खोलीत चोर सोडून सगळ्यांची चौकशी झाली. शेवटी हवालदार मला म्हणाला, "पण बाई, घर तुमचंच आहे कशावरून?" मी खरेदीखत सोबतच आणलं होतं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, आणि वाचायचा कंटाळा आला म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला.

न्यायानं बोलायचं तर तिथं एक तरुण महिला पोलीस होती. तिनं आम्हाला बाजूला बसवून घेतलं, मुलीच्या मोबाइलमधलं सगळं नीट पाहिलं, तक्रार ऑनलाइन भरली आणि ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवलं. तिनं खोटी आशा दाखवली नाही. म्हणाली, "काका, खातं गोठवतील, पण त्यात काही उरलं असेल का ते सांगता येत नाही." उरलं नव्हतं. पुढं कळलं की खातं दुसऱ्या राज्यातल्या कुण्या वीटभट्टी मजुराच्या नावावर होतं. त्याला थोडेफार पैसे देऊन ते कुणी तरी वापरायला घेतलं होतं. म्हणजे घर माझं, बाप माझा नवरा, खातं मजुराचं, ओळखपत्र कुण्या तिसऱ्याच जवानाचं. चोराचं स्वतःचं असं फक्त धाडस होतं.

घरी आल्यावर मी एजंटला बोलावलं. तो आला, पांढऱ्या बुटांसकट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, निगेटिव्ह घेऊ नका. याचा एक अर्थ असाही निघतो की तुमच्या प्रॉपर्टीला डिमांड आहे."

मी त्याला म्हटलं, "निघ."

"फोटो काढून टाकतो ना सगळीकडून."

"आधी तू निघ."

त्यानं स्वतःचे काढले असतील. पण चोरानं जे नेलं होतं ते कसं निघणार? मी साइटवाल्यांकडं तक्रार केली, मुलीनं मला ती भरून दिली. उत्तर आलं, तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. चार दिवसांनी दुसरं उत्तर आलं, सदर जाहिरात आमच्या नियमांत बसते. मी पुन्हा लिहिलं, घर माझं आहे. तर त्यांनी माझ्याकडं मालकीचा पुरावा, आधार, स्वतःचा चेहरा दाखवणारा फोटो असं सगळं मागितलं. चोराकडं यातलं काही मागितलं नव्हतं. त्याच्यावर त्यांचा विश्वास होता. खरं सांगणाऱ्या माणसालाच पुरावा द्यावा लागतो, ही रीत मला आता या वयात नवी राहिली नाही. पण एवढ्या निर्लज्जपणे ती छापील मजकुरात वाचायला मिळाल्याचं मात्र नवल वाटलं.

त्या दिवशी ठाण्यातून परतलो तेव्हा सामान वट्ट्यावरच होतं. माडीवर माझी एक खोली रिकामी होती, एजंटला तिचा फोटो काढावासा वाटला नव्हता, कारण तिथं पापडाचे डबे आणि जुन्या गाद्या होत्या. मी मुलीच्या बापाला म्हटलं, कॉलेज सुरू होतंय, मायलेकींना इथं राहू द्या.

"उपकार नगं, बाई."

"उपकार कोण करतंय? किराया घेणार मी."

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "मंग आधी खरेदीखत दावा."

मला हसू आलं नाही, बरं वाटलं. सकाळपासून भेटलेल्या माणसांत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य ठिकाणी संशय घेत होतं. मी खरेदीखत दिलं. त्यानं मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं, सर्व्हे नंबर, चतुःसीमा, सगळं. पूर्वेला कुणाचं घर लिहिलंय ते ऐकून तो बाहेर गेला आणि प्रोफेसरांच्या फाटकावरची पाटी मुलीकडून वाचून घेतली. मग मला फाटकाजवळ उभं केलं, हातात आधार कार्ड धरायला लावलं आणि मुलीला म्हणाला, फोटू काढ. मी काढू दिला. वालूरला त्याचा एक भाचा होता, वकिलाकडं लिहायला. त्याला तो फोटो आणि खरेदीखत पाठवलं, त्याचं उत्तर येईपर्यंत पलंग वर चढवला नाही. उत्तर आल्यावर मात्र माझ्या हातात पहिल्या महिन्याचा किराया ठेवला आणि पावती मागितली. तो पैसा त्यानं ड्रायव्हरकडून उसना घेतला होता, हे मला नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. परत देऊ केला तर घेतला नाही. म्हणाला, "मंग ते घर कसलं? ती धर्मशाळा झाली."

त्यानंतर पुढचा पाऊस लागेपर्यंत माणसं येतच राहिली. कुणी आधी नुसतं घर बघायला यायचं, कुणी पैसे भरून यायचं. त्यांतला एक मी विसरणार नाही. बदलीवर आलेला, कुठल्याशा बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. गाडीतून उतरला तोच वैतागलेला. मी सांगितलं, तुम्हाला फसवलंय. तर मलाच समजावायला लागला, "मॅडम, मी स्वतः फायनान्समध्ये आहे. मी सगळं व्हेरिफाय केलंय." काय व्हेरिफाय केलं, तर तेच ओळखपत्र. तो जवान गणवेशात किती रुबाबदार दिसतो, हे त्यानं पाहिलं होतं. मी त्याला तसबीर दाखवली, मागचा शेवगा दाखवला. तेव्हा कुठं त्याला पटलं. मी म्हटलं, चला, ठाण्यात तक्रार द्या, तुमची आणि या लोकांची एकत्र झाली तर जोर येईल.

तो गाडीकडं पाहत म्हणाला, "नको. ऑफिसात कळलं तर बरं दिसणार नाही."

"पैसे गेले ते बरं दिसतं का?"

"मॅडम, प्लीज, माझं नाव कुठं घेऊ नका."

मी घेत नाही. पण या माणसाबद्दल मला जेवढी चीड आली तेवढी त्या चोराबद्दलही कधीकधी येत नाही. मेंढ्या राखणारा माणूस ठाण्यात हवालदाराचे टोमणे खाऊन आला, आणि हा सुटाबुटातला इज्जत खिशात घालून निघून गेला. असल्यांच्या गप्प बसण्यावरच तर चोराचं दुकान चालतं.

मग मी पेंटरला बोलावून कंपाउंडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'हे घर किरायानं द्यायचं नाही. फोनवर कुणी देत असेल तर तो चोर आहे.' पेंटर रसिक होता, त्यानं विचारलं, "चोर लाल रंगात काढू का?" मी म्हटलं, काढ. संध्याकाळी प्रोफेसर आले. पैसे गेलेली माणसं रडत होती तेव्हा त्यांना कंपाउंड ओलांडता आलं नव्हतं, आता बरोबर आले. म्हणाले, "भिंतीवर असं काही लिहिलं की कॉलनीचं नाव खराब होतं. उद्या आपल्या घरांच्या किमती…"

"कागदोपत्री तुम्ही काय सांगणार, सर," मी म्हटलं आणि आत आले.

लेकीचा हैदराबादहून फोन आला. तिला सगळं कळलं होतं, घाबरली होती. मी म्हटलं, "घर विकायचं नाही. एजंटला सांग." ती म्हणाली, "आई, एका घटनेवरून असा निर्णय…" मी म्हटलं, निर्णय घेतला नाही, फक्त कळलं. आपल्या घराचा फोटो दुसऱ्याच्या हातात बघितल्यावर कळलं की त्या फोटोत मी राहते. तिला ते पटलं की नाही माहीत नाही.

माडीवरच्या मायलेकी अजून आहेत. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं ते नवं टेबल खिडकीशी लावलंय आणि त्यावर कसल्या कसल्या हाडांची चित्रं असतात. तिचा बाप महिन्यातून एकदा येतो, पोतं टाकतो, किराया देतो, पावती घेतो. ती खिशात ठेवायच्या आधी मुलीकडून वाचून घेतो. गेलेल्या पैशांबद्दल त्यानं पहिले काही महिने विचारलं. मग विचारणं बंद केलं. ठाण्यातून एकदा फोन आला होता. तपास चालू आहे, एवढंच सांगायला. मी त्यांना सांगितलं, माझाही चालूच आहे.

मध्यंतरी पुण्याहून माझ्या भाचीनं एक लिंक पाठवली. 'आत्या, हे तुझंच किचन ना?' होय, माझंच. शेगडी माझी, दूध माझं. पण आता ते पुण्यात होतं, लिफ्ट आणि पार्किंगसह. यांची तसबीर मात्र कापून टाकली होती. बहुधा पुण्यात फौजी बापाची गरज पडत नसावी. मी भाचीला कळवलं, तक्रार कर. तिनं केली. तिलाही कळवण्यात आलं की तिचा अनुभव महत्त्वाचा आहे.

परभणीची जाहिरात काढली की पुन्हा येते, नाव बदलून. कधी साहेब फौजेत असतो, कधी परदेशात. परवा रविवारी मुलगी मोबाइल घेऊन खाली आली, मी शेंगा निवडत होते. ती म्हणाली, "काकू, बघा, परत टाकलंय. आणि या वेळी किराया वाढवलाय."

मी चष्मा लावून पाहिलं. खरंच वाढवला होता. मी तिच्याकडून जेवढा घेते त्याच्या दुप्पट. माझ्याच घराचा भाव चोरालाही माझ्यापेक्षा जास्त वाटत होता. मी तिला म्हटलं, आधी तक्रार भर, मग जेवायला बस. तिनं ती उभ्याउभ्याच भरली, तिला आता पाठ झाली आहे.